हा तुकडा कुणाचा?

नानीने चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या मांडीवरचे कापड हातात घेतले, दोन बोटांत चोळून पाहिले आणि विचारले, "ये किसका कपडा है?"

"किसीका नहीं, नानी. दुकानसे लाई. नवा है."

"नवा कपडा कायकू फाडतीस गे?"

मी तिला समजावून सांगू लागले. अमेरिकेत नव्वद वर्षांपूर्वी फार वाईट दिवस आले होते, तेव्हा तिथल्या बायकांनी पिठाच्या पोत्यांच्या आणि जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्यांचे नमुने आता जगभर नावाजले गेले आहेत, शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलींकडून तशी एक गोधडी करून घ्यायची आहे, त्याआधी मी स्वतः एक चौकोन शिवून पाहते आहे. नानीने सगळे ऐकले. कापड परत माझ्या मांडीवर ठेवले. म्हणाली, "उनोपर बुरे दिन थे. तेरेपर क्या है?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. त्यानंतर जे घडले त्याने तो अधिकच बिकट झाला. आज लिहायला बसले आहे ती उत्तर सापडले म्हणून नव्हे. हा प्रश्न एकट्याने वागवण्यासारखा नाही, एवढेच माझ्या लक्षात आले आहे.

आधी त्या वाईट दिवसांविषयी. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा रोखेबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतील कामकऱ्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा बेकार झाला. मध्य भागातल्या शेतीला त्याच दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी गाठले. पीठ, साखर, मीठ, बियाणे, कोंबड्यांचे खाद्य हे सारे तेव्हा सुती पोत्यांतून येई. बायका ते पोते उसवीत, शिवणीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवीत, कापड धूत आणि त्यातून झबली, परकर, उशांचे अभ्रे, गोधड्या करीत. एका मोठ्या पोत्यातून साधारण वारभर कापड निघे. हे लक्षात आल्यावर गिरण्यांनी आणि पीठवाल्यांनी पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. त्यामुळे अर्धा झगा शिवून झालेली बाई त्याच छापाचे दुसरे पोते आणायला नवऱ्याला बजावून पाठवू लागली.

या साऱ्यात मला अडवून धरणारा तपशील वेगळाच आहे. पूर्वीच्या पोत्यांवर कंपनीचे नाव मोठ्या ठळक शाईने छापलेले असे. ती शाई निघावी म्हणून बायका त्यावर चरबी चोळीत, रॉकेल लावीत, रात्रभर भिजत घालीत, उकळत्या पाण्यात घोळवीत. तरीही अक्षरे पुसट उरलीच तर कापड रंगवून काढीत किंवा वर फूल भरीत. म्हणजे त्यांची निम्मी मेहनत शिवण्यात आणि निम्मी लपवण्यात जात होती. हे पोते आहे, हे शेजारणीला कळू नये म्हणून.

आता त्याच छापाचे नवे कापड विकत मिळते. तिसाव्या दशकातल्या पोत्यांची नक्षी जशीच्या तशी उचलून चांगल्या सुतावर छापतात आणि हौशी बायका ते वारावर घेऊन, कापून, जोडून 'वाईट दिवसांच्या' गोधड्या शिवतात. जिच्यावर वेळ आली होती तिने खूण पुसली, जिच्यावर आली नाही ती खूण विकत घेते. माझ्या मांडीवरचे कापड या दुसऱ्या जातीचे होते. खास अमेरिकेहून आलेले नव्हते, आमच्याच बाजारपेठेतले मांजरपाट आणि छापील सूत होते, पण जात तीच.

आपल्या परंपरेत हा वाद नवा नाही. हजरत उमर (रजि.) खलिफा असताना त्यांच्या दोन खांद्यांच्या मध्ये तीन ठिगळे एकावर एक लावलेली पाहिल्याचे हजरत अनस (रजि.) यांचे कथन इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवीत, पायताण सांधीत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेले आपण मदरशात शिकतो. तिथे ठिगळ हे ठिगळच होते. कापड फाटले म्हणून ते लावले गेले. पुढे सूफींमध्ये ठिगळांचा झगा ही ओळख झाली. त्याला 'मुरक्का' म्हणत. लाहोरला ज्यांची मजार आहे त्या हुजवेरी यांनी अकराव्या शतकात 'कश्फुल महजूब' लिहिले. त्यात एक सबंध प्रकरण या झग्यावर आहे. सुई जिथून निघेल तिथून निघू द्यावी, ओळ पाहू नये, असे मानणारे काही, आणि टाका सरळ व नेटका असलाच पाहिजे असे मानणारे काही, असे दोन्ही पंथ ते सांगतात. झगा दाखवण्यासाठी घालणाऱ्यांवरही ते कोरडे ओढतात. इमाम गजाली यांनी 'इह्या'मध्ये स्वतःची फसगत करून घेणाऱ्यांची यादी दिली आहे. रेशमापेक्षा महागडे ठिगळांचे कपडे घालणारे त्यात आहेत. बगदादचे इब्न जौजी तर आणखी स्पष्ट बोलतात. वेगवेगळ्या रंगांची दोनतीन चांगली वस्त्रे कापायची, त्यांचे तुकडे जोडायचे आणि फकिरीचा झगा म्हणून मिरवायचे, या प्रकाराला ते सैतानाचा चकवा म्हणतात. आठ शतकांपूर्वीच्या बगदादचे हे वर्णन वाचताना मला माझीच कात्री दिसली.

हे वाचून थांबले असते तर निकाल सोपा होता. नवे कापड फाडणे हा इस्राफ, गरिबीचे सोंग करणे हा रिया, विषय संपला. आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हेच मला दोन वाक्यांत ऐकवले आणि वर्तमानपत्र उघडले.

पण इतिहास इतका सरळ वागत नाही. तिसाच्या दशकातल्या साऱ्याच गोधड्या लाचारीतून झाल्या, ही समजूतही अर्धीच खरी आहे. त्या काळात सूत स्वस्त झाले होते. वर्तमानपत्रांतून गोधड्यांचे नमुने येत. 'कॅन्सस सिटी स्टार' या पत्राने १९२८ मध्ये सुरू केलेले सदर १९६१ पर्यंत चालले. कापून तयार असलेले तुकडे पेटीत घालून विकले जात. फिकट गुलाबी, पोपटी, लिंबू रंग, एकमेकांत अडकलेल्या अंगठ्या, आजीची फुलबाग असे नमुने लोकप्रिय होते. त्या बायकांना दुःखी दिसणारी गोधडी नकोच होती. आणि गंमत अशी की त्यांतल्या पुष्कळजणी आपल्या पणज्यांची नक्कल करीत होत्या. जंगल तोडून वसाहत करणाऱ्या, मेणबत्तीच्या उजेडात चिंध्या जोडणाऱ्या शूर पूर्वज बायकांची एक गोड दंतकथा तेव्हा अमेरिकेत जोरात होती. म्हणजे ज्यांची आज आपण नक्कल करतो त्यासुद्धा नक्कलच करीत होत्या. मागच्या पिढीच्या कष्टांना हात लावून पाहावा, ही ओढ माणसाला जुनीच आहे. तिला नुसते सोंग म्हणून झटकून टाकावे असे मला वाटत नाही. रमजानमध्ये भरल्या घरातला माणूस दिवसभर उपाशी राहतो ते काय सोंग असते? ती भूक त्याच्यावर आलेली नसते, त्याने ती आणलेली असते. आणि तरी तिचे मोल आहे. अर्थात रोजा कोणी भिंतीवर टांगून ठेवीत नाही, हेही खरे.

सगळ्यांत जास्त मी ज्यांच्या नादी लागले त्या बायका अलाबामा राज्यातल्या. तिथे अलाबामा नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणातल्या वस्तीला जीज बेंड म्हणतात. १८१६ मध्ये जी नावाच्या मळेवाल्याने ती वसवली. १८४५ मध्ये पेटवे नावाच्या मालकाकडे मळा गेला आणि त्याच्या गुलामांना त्याचेच आडनाव चिकटले. आजही तिथे आडनाव विचारले की बहुधा पेटवे हेच ऐकू येते. गुलामी गेली, खंडाची शेती आली. १९३२ मध्ये कर्ज देणाऱ्या व्यापाऱ्याच्या वारसांनी वसुलीला माणसे पाठवली. त्यांनी अवजारे, जनावरे, कोंबड्या, साठवलेले धान्य असे सारे उचलून नेले. तो हिवाळा त्या कुटुंबांनी रेडक्रॉसच्या धान्यावर आणि रानातल्या शिकारीवर काढला. लाकडी झोपड्यांच्या फटी बुजवायला भिंतींवर वर्तमानपत्रे डकवलेली असत. १९३७ मध्ये सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन यांनी काढलेल्या फोटोंत ती दिसतात. या थंडीत अंगावर घ्यायला बायकांनी गोधड्या केल्या. गुडघ्यावर झिजलेल्या पँटी, कोपरावर विरलेले सदरे, खताची पोती. आत भरायला कापसाच्या गिरणीत झाडून काढलेला कचऱ्याचा कापूस. हुजवेरींच्या त्या पहिल्या पंथाप्रमाणे सुई जिथून निघेल तिथून निघालेली आणि तरी पाहत राहावे अशी.

मिसूरी पेटवे या बाईंची गोधडी १९४२ ची आहे. त्यांचा नवरा वारला. त्यांनी त्याचे शेतात घालायचे कपडे एकत्र केले आणि त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावे म्हणून. मुलीने पुढे ही हकीगत सांगितली. फोटोत पाहिले तर निळे, राखाडी, विटलेले पट्टे आहेत. जिथे खिसा होता तिथे कापड कमी उडालेले आहे. नानीने ही गोधडी पाहिली असती तर तिचा पहिला प्रश्न तिथल्या तिथे सुटला असता. हा तुकडा कुणाचा, हे त्या गोधडीतच लिहिलेले आहे. आता ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

कलादालनात ती गेली कशी, तीही एक कहाणी आहे. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. नागरी हक्कांच्या चळवळीचे ते दिवस होते. मतदार नोंदणीला गेले म्हणून माणसांची कामे जात होती. नदी ओलांडून कचेरीत जाता येऊ नये अशी स्थिती होती, कारण १९६२ मध्ये नावच बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. संस्थेच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या दुकानांत गेल्या, पण दुकानांना सगळ्या गोधड्या सारख्या हव्या होत्या. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांनी जुन्या, कुणासारख्याच नसलेल्या गोधड्या भिंतींवर टांगल्या आणि समीक्षक वेडे झाले. २००६ मध्ये टपाल तिकिटे निघाली. २००७ मध्ये तिथल्या तीन बायका न्यायालयात गेल्या. आमच्या गोधड्या आणि नमुने नेणाऱ्यांनी आम्हाला रास्त मोल दिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढल्या वर्षी ते दावे मिटले. २०२४ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीने त्यांच्या नमुन्यांचे कपडे बाजारात आणले. त्यात भाग घेतलेल्या बायकांना ठरावीक रक्कम मिळाली, विक्रीत वाटा नव्हता. अर्थात दुसरी बाजूही आहे. २०२१ पासून तिथल्या पुष्कळजणी इंटरनेटवर स्वतःच्या नावाने गोधड्या विकतात आणि ते पैसे त्यांच्या हातात पडतात.

लोरेटा पेटवे या त्यांतल्या नामांकित बाईंनी सांगून ठेवले आहे की त्यांना शिवणकाम आवडत नव्हते. गोधडी हवी होती आणि करून देणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून त्या शिवीत. आपण मात्र त्यांची गोधडी आवडीने शिवायला घेतो.

इथे एक आडवळण. ठिगळाला अरबीत 'रुक्आ' म्हणतात, त्यावरूनच 'मुरक्का' झाला. पण रुक्आ म्हणजे चिठ्ठी, कागदाचा तुकडाही. उर्दूत त्याचा 'रुक्का' झाला आणि मराठीत आपण त्याचा 'रोखा' केला. कर्जरोखे, रोखेबाजार यांतला. १९२९ मध्ये न्यूयॉर्कला कोसळले तेही रोखे आणि त्यानंतर थंडीत अंगावर आले तीही ठिगळे. भाषेने दोघांना एकाच धाग्यात ओवलेले आहे. वर्गात हे सांगितले तेव्हा मुलींना गंमत वाटली, मला जरा भीती वाटली.

आता शाळेत काय झाले ते सांगते. माझ्या मनाशी मी ठरवले की नानीचे बरोबर आहे, नवे कापड वापरायचे नाही. आठवीच्या मुलींना सांगितले की घरात पडून असलेले, उपयोगात नसलेले जुने कपडे आणा. प्रत्येकीने एक तुकडा आणायचा आणि तो कुणाचा होता ते सांगायचे. कल्पना चांगली होती असे मला अजूनही वाटते. अब्बांची लुंगी आली, फूफीच्या लग्नातला शरारा आला, धाकट्या भावाचे झबले आले. एक मुलगी मात्र काहीच आणीना. रोज 'भूल गई टीचर' म्हणे. तिसऱ्या दिवशी मी तिला सगळ्यांदेखत रागावले. एक चिंधी आणायला एवढे काय, असे काहीतरी बोलले. चौथ्या दिवशी तिने तुकडा आणला. युनिफॉर्मची पांढरी ओढणी होती, चांगली धडधाकट. मी विचारले, कुणाची? म्हणाली, "पुरानी है." आम्ही ती कापली. सोमवारी तालीम चालू असताना पावसात भिजलेली तिची ओढणी वाळत टाकलेली मी पाहिली आणि ती सबंध दिवस दप्तर छातीशी धरून बसलेली पाहिली. तिच्याकडे दोन ओढण्या होत्या. आता एक होती.

तिच्या घरात पडून असलेले, उपयोगात नसलेले असे काहीच नव्हते. विरलेली साडी गोधडीत गेलेली असते, विरलेली गोधडी दारात पायपुसणे होते, ते फाटले की चुलीपाशी फडके होते. 'जुने कपडे घरात पडून असतात' हे वाक्य कोणत्या घरातून निघते, हे मला तोवर सुचले नव्हते. बी.एड.ला असताना विद्यार्थ्याच्या पूर्वानुभवापासून शिकवायला सुरुवात करावी असे मीच उत्तरपत्रिकेत लिहिले होते.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. मी मनात वाक्ये जुळवून ठेवली होती. तिने ओढणीचा विषयही काढला नाही. मुलींनी पसरून ठेवलेली अर्धवट गोधडी तिने उलटी केली. सुलट बाजू पाहिलीच नाही. टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "टाके लंबे पडे, टीचर. दो धुलाईमें उखड जाएगी." मग तिथेच मांडी घालून बसली. ती घरी गोधड्या शिवून देते, मजुरी घेऊन. हे मला मुलीच्या प्रवेशअर्जावरून ठाऊक असायला हवे होते, कारण आईचा व्यवसाय या रकान्यात मीच 'घरकाम' असे भरून घेतले होते.

आठ दिवस ती दुपारी येत राहिली. मुलींचे टाके उसवून पुन्हा घालून घेतले. कडेपासून सुरुवात करून आत आत कसे जायचे ते दाखवले, म्हणजे मध्ये कापड गोळा होत नाही. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी बायका आपली कवंदी अशीच कडेकडून आत शिवत नेतात, हे मी नंतर वाचले. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, पण कवंदीची रीत एकच. चारही कोपऱ्यांवर त्या तुकड्याची घडी घालून छोटे फूल बसवतात. त्याचा ऊब देण्याशी काही संबंध नसतो, तरी फुलाविना कवंदी त्यांना उघडी वाटते. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या या नाती-पणत्या आणि अलाबामातल्या त्या बायका यांना एका सुताने जोडण्याचा मोह कुणालाही होईल. मला तो झाला, पण मी तो आवरला. गरज आणि फूल या दोन्ही गोष्टी सगळीकडेच असतात, त्यासाठी रक्ताचे नाते शोधायला नको. आमच्या गोधडीतही त्या बाईने एका कोपऱ्यात न सांगता एक लाल त्रिकोण बसवला होता. का, असे विचारले तर नुसती हसली.

शेवटच्या दिवशी मी तिला पाचशेची नोट देऊ लागले. ती नको म्हणाली. "बच्चोंका काम है." मी आणखी एकदा आग्रह केला, आणि ती दुसऱ्यांदा नको म्हणाली तेव्हा नोट पर्समध्ये ठेवली. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, हे मी दरवर्षी पाचवीला शिकवते. बाजारात तेवढ्या कामाचे काय घेतात, हे त्या दिवशीही मी विचारले नाही. ओढणी मात्र नवी घेऊन दिली, पण मुलीला वर्गाबाहेर बोलावून गुपचूप, जणू तिचाच काही गुन्हा होता.

प्रदर्शनात गोधडीला दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्रावर शाळेचे नाव, खाली 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थिनी' आणि 'मार्गदर्शक' म्हणून माझे नाव. नाव कुणाचे लिहायचे असे विचारणारा एक छापील अर्ज होता. मार्गदर्शकांसाठी त्यात दोन ओळी होत्या. मी एक भरली आणि दुसरीवर आडवी रेघ मारली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी शिकागोची हकीगत वाचली. १९३३ मध्ये तिथे 'प्रगतीचे शतक' नावाचे जागतिक प्रदर्शन भरले होते. सिअर्स रोबक या कंपनीने त्यानिमित्त गोधड्यांची स्पर्धा घेतली. देशभरातून सुमारे २४ हजार गोधड्या आल्या. मंदी ऐन भरात होती आणि सर्वोच्च बक्षीस हजार डॉलरचे होते. ते केंटकीच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांना मिळाले. हिरवट ताऱ्यांची ती गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट दिली गेली, पुढे तिचा पत्ताच लागला नाही. आणि ती गोधडी केडनबाईंनी शिवलेली नव्हती. त्यांचे शिवणवस्तूंचे दुकान होते. काम देऊन त्यांनी ती दुसऱ्या बायकांकडून करून घेतली होती. त्या बायकांना बक्षिसातले काही मिळाले नाही आणि त्या बोललयाही नाहीत, कारण दिवस वाईट होते आणि त्याच दुकानातून पुढचे काम यायचे होते. अनेक दशकांनी गोधड्यांचा इतिहास शोधणाऱ्या बायकांनी हे उजेडात आणले.

केडनबाईंचा राग येण्याआधी मला त्या अर्जावरची आडवी रेघ आठवली. त्यांना निदान हजार डॉलर मिळाले. मी एका कागदावर हे केले. आणि माझ्यावर कसले वाईट दिवस होते? नानीचा दुसरा प्रश्न असा परत आला.

माझी नियत वाईट नव्हती, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितले आहे. आपल्याकडे नियतीचे मोल मोठे आहे. पण हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा फरकही आपल्याकडेच केलेला आहे. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तोबा करून अल्लाहकडे माफी मागता येते. बंद्याचा हक्क मात्र बंद्यानेच माफ करावा लागतो. तिथे माझी स्वच्छ नियत कामाला येत नाही. मी इतके दिवस प्रश्न विचारीत होते तो कापड नवे की जुने, खरे ठिगळ की खोटे, असा. गजालींचा आणि इब्न जौजींचा प्रश्नही घालणाऱ्याविषयी होता, त्याच्या मनातल्या रियाविषयी. झगा शिवला कुणी, हे त्यांच्या पानांत मला सापडले नाही. कदाचित ते सूफी स्वतःच शिवीत असतील. मला वाटते, नव्या कापडाची गोधडीसुद्धा शिवावी, ज्यांच्यावर वाईट दिवस आले नाहीत त्यांनीही शिवावी. बोटाला सुई टोचल्याशिवाय त्या कामाची किंमत कळत नाही आणि वीस मुलींना ती थोडीतरी कळली. फक्त शिवताना नानीचा पहिला प्रश्न विचारीत राहावे लागते आणि तो कापडाशी संपत नाही. तुकडा कुणाचा, टाका कुणाचा, कोपऱ्यातले ते लाल फूल कुणाचे.

त्या बाईला मी अखेर गाठले ते शाळेच्या फाटकापाशी, निकालाच्या दिवशी. अर्जाचे आणि नावाचे सांगितले. माफी मागितली असे म्हणता येईल, पण शब्द धड फुटले नाहीत. तिने मान हलवली. माफ केले की नुसते ऐकले, ते मला कळले नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. मग तिने विचारले, "वो गोधडी किधर है?" ऑफिसातल्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे, असे मी सांगितले. तिच्या कपाळाला आठी पडली. कपाटात कोंडलेल्या कापडाला कसर लागते, म्हणाली, पाऊस यायच्या आत तिला दोन दिवस चांगले ऊन दाखवायला हवे, आणि कुणी पांघरत का नाही तिला.

कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे असते आणि ते त्या दिवशी रजेवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली मागून घेतली. गोधडी काढली, खांद्यावर टाकली. अंदाजापेक्षा ती बरीच जड आहे. तिचे घर शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे, आणि तिच्या गच्चीवर ऊन चांगले येते, असे मुलगी म्हणाली.